सूपभर कोंड्याची लेक

गिरजामाय पाणंदीत उभी होती. मी विहिरीवरून घागर घेऊन येत होते. माझ्या पोटची कोंडी तापाने फणफणलेली, तिला गिरजामायच्याच मांडीवर ठेवून गेले होते. आमचे हे डॉक्टर आणायला चिखलीला गेले होते. एरवी मला ‘वहिनी’ म्हणणारी गिरजामाय त्या दिवशी म्हणाली, “कोंडीची माय, चाल वो घरी.” त्या हाकेतच मला सगळं कळलं... कारण पाच वर्षं होत आली, कोंडीची माय म्हणून गाव गिरजालाच ओळखत होतं. मला नाही.

माझी आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली. तिसरीच्या वेळी सासूबाईंनी ठरवलं, हे लेकरू विकायचं. आमच्याकडे सटवाईची नजर चुकवायला पोर शेजारणीला सूपभर कोंड्यावर विकतात आणि तिचं नाव कोंडी ठेवतात. शेजारच्या मळ्यातली गिरजामाय, भाजीपाला करणारी, भरल्या घरची बाई. तिने कुंपणावरून सूप पुढे केलं आणि मी पोर तिच्या हातात दिली. पोर राहणार माझ्याच घरात, दूध माझंच. पण मी ‘माझी’ म्हणायचं नाही आणि तिने मला ‘माय’ म्हणायचं नाही. पाच वर्षं धकली की तितकाच कोंडा देऊन परत घ्यायची, असं ठरलं. सासूबाई पुढच्याच साली गेल्या, नियम मात्र घरात ठेवून गेल्या. शिकलेले लोक हसतील. खुशाल हसोत. ज्याचं जळतं त्याला कळतं.

कोंडी बोलू लागली आणि हा सौदा तिने आम्हा मोठ्यांपेक्षा जास्त मनावर घेतला. जरा रागावलं की दोन्ही हात कमरेमागे बांधून, हुबेहूब गिरजामायच्या चालीने ती कुंपणाच्या फटीकडे निघायची. “मी चालली माह्या घरी. तू काऊन रागावतं मले? तू तं वहिनी हायस!” भूक लागली की त्याच फटीतून परत. वर भाकरीचे दोन तुकडे करून एक गिरजामायसाठी बाजूला काढायची. कोणत्याच घरावर अन्याय नको. नागपूरच्या सरकारचा माणूस पोरांना देवी टोचायला आला. “तुझी आई कोण?” त्याने विचारलं, तर हिने ऐटीत मळ्याकडे बोट केलं. टोचून घेताना मात्र माझा पदर मुठीत गच्च. हट्टी, चोख, आणि माया पोटात लपवणारी. कोणावर गेली होती कोण जाणे... माझ्यावरच, असं मी मनात म्हणायची. तोंडाने कसं म्हणणार?

एकदा पहाटे मी दळत होते, तर डोळे चोळत येऊन बसली. “वहिनी, मले काऊन इकलं?” मी सटवाईचं सांगितलं. ती जात्याच्या फिरत्या पाळीकडे बघू लागली. मग म्हणाली, “जातं फिरते तवा तिले आयकू येते काय?”

“नाही येत,” मी म्हटलं.

तशी ती सरकत जवळ आली, पिठाने भरलेला हात माझ्या मानेत टाकला आणि कानात पुटपुटली, “माय.” खुंटा माझ्या हातातून सुटत होता, पण मी जातं थांबू दिलं नाही. त्या दिवसापासून रोज हेच. दळण पसाभर असलं तरी मी ते लांबवायची. पीठ चाळून झालं की ती मूठभर कोंडा एका गाडग्यात टाकायची, स्वतःला परत घ्यायला. लोक कोंड्याचा मांडा करतात. ही पोर कोंड्याची माय करायला निघाली होती.

गाडगं गळ्याशी आलं होतं. कोंडी त्या तापात गेल्यावर काही दिवसांनी मी ते उचललं आणि मळ्यात गेले. गिरजामायने सूप पुढे केलं. मी कोंडा ओतला. थोडा कमीच पडला. ती आत गेली, आपल्या घरातला ओंजळभर आणून टाकला, तळहाताने सारखा केला आणि रडत म्हणाली, “भरलं माय सूप. ने आता तुही पोरगी.” मी रिकामं गाडगं घेऊन घरी आले.

आता मी तिला उघड ‘माझी’ म्हणू शकते. पण म्हणू कोणाजवळ? आमचे हे तिचं नाव काढलं की उठून शेताकडे जातात. घर खायला उठतं. पहाटे मी जात्यावर बसते, शेजारची जागा मोकळी ठेवून. दोघांचं दळण ते किती, लवकर संपतं. रिकामं जातं फिरवू नये, अशुभ असतं, असं सासूबाई सांगायच्या. मला आता कशाचं आलंय अशुभ! ज्वारी संपली तरी मी खुंटा सोडत नाही... जातं थांबलं, की तिला मला माय म्हणता येणार नाही.