दुपारची आठ गाणी

"गाणं सुरू झालं की सांगा, तोवर मी पान लावतो," असं सृष्टीचे वडील गुरुपादप्पा म्हणाले, तेव्हा पहिलं गाणं संपून दुसरं लागलं होतं आणि भांडणाला अर्धा तास होऊन गेला होता.

भांडण सृष्टीच्या लग्नाचं. नांदेडचं स्थळ. मुलगा अमरेश बँकेत अधिकारी, वडील अमृतराव निवृत्त शिक्षक, आई पाच वर्षांपूर्वी हृदयविकारानं गेलेली. दोघं दोनदा भेटली होती, एकमेकांना पसंत होती. येत्या रविवारी इथं, उदगीरच्या घरी, सुपारी फोडायचं ठरलं होतं. अशात सृष्टीच्या धाकट्या काकानं, रेवणप्पानं, शोध लावला की मुलगा रॉक बँडमध्ये गिटार वाजवतो. लोह्याजवळच्या एका रिकाम्या गोदामात मित्रांना घेऊन त्यानं आठ गाण्यांचा अल्बम केलाय, नाव 'दुपार'. यात शोध कसला, मला त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलंय, असं सृष्टी म्हणाली. मग घरानंही ऐकलं पाहिजे, असं रेवणप्पा म्हणाला. मुलगा बघतात, घर बघतात, मग गाणी का बघू नयेत?

म्हणून जेवणं झाल्यावर सगळे बैठकीत बसले होते. मधल्या टीपॉयवर सृष्टीचा लहान स्पीकर. त्याच्याकडं सगळे असे बघत होते की, शिक्षण किती झालं, एवढंच त्याला विचारायचं राहिलं होतं.

सृष्टीची आई शिवकन्या उंबऱ्याशी मेथी निवडत बसली होती. तिचे हात कधी रिकामे नसायचे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ती शेजारणीच्या लसणाच्या पाकळ्या सोलून देणारी, अशी तिची गल्लीत ख्याती होती. बाई कष्टाळू आहे, असं लोक म्हणत. का आहे, ते घरातल्या तिघांनाच माहीत होतं, आणि ती तिघं आत्ता याच खोलीत होती.

दुसऱ्या गाण्यात शब्द चारच होते. बाकी लांबलेली गिटार आणि मागं कूलरची घरघर. सासूबाई रत्नम्मांनी वर पंख्याकडं बघितलं आणि त्याला तेल घालायला सांगितलं. गाण्यातलंच आहे ते, असं सृष्टीनं सांगितल्यावर, मग घरचा कूलर काय वाईट होता, असं त्या म्हणाल्या. गुरुपादप्पांना पान खाताना ते गाणं बरं वाटत होतं, पण तसं म्हणावं की नाही, हे त्यांना कळत नव्हतं. ते भावाच्या तोंडाकडं बघत राहिले.

"हा पितो," रेवणप्पा म्हणाला. "शुद्धीतला माणूस एवढ्या हळू गात न्हाई."

"काका, तुम्ही भजनात गाता ते काय पळत गाता?" सृष्टी म्हणाली.

तिसरं गाणं लागलं. कुकरची एक शिट्टी झाली. मग एका मुलाचा आवाज, लांबून, दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा: आई, जेवलीस का? उत्तर नाही. कूलर चालू. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा नाही. त्या गप्पपणातून गिटार इतकी सावकाश वर आली की कधी आली ते समजलं नाही.

शिवकन्येचे हात थांबले. मेथीची काडी बोटांत तशीच राहिली. हे पहिल्यांदा बघितलं ते रेवणप्पानं. त्यानं घाईघाईनं मोबाइल काढला.

"लोक काय म्हणतात तेही ऐका," तो म्हणाला आणि अल्बमखालचे अभिप्राय वाचू लागला. पुण्याच्या एकानं लिहिलं होतं, हे ऐकून तीन वर्षांनी घरी फोन केला. कुणाला गिटार जास्त झाली होती. कुणाला झोप लागली, पण चांगली लागली. मग त्याचा आवाज उतरला. "आणि हे त्याच्या शाळेतल्या दोस्ताचं. 'काकू दुपारभर भिंतीकडं बघत बसायच्या. आम्ही चपला हातात घेऊन आत यायचो. तू हे गाण्यात आणलंस, बरं केलंस.'"

सृष्टीनं स्पीकर बंद केला.

"दुपारभर भिंतीकडं," रेवणप्पा म्हणाला. "हे चौकशीत आलं होतं? वैनी, मी का म्हणतोय ते तुम्हाला ठाऊक हाय."

"काय ठाऊक आहे?" सृष्टीनं विचारलं.

गुरुपादप्पा पानाच्या डब्याचं झाकण लावू लागले. ते लागेना. रत्नम्मांनी गळ्यातलं इष्टलिंग पदराआड सारलं आणि, पोरीला आत पाठव, असं थोरल्या मुलाला सांगितलं.

"आत नको," शिवकन्या म्हणाली. "सृष्टी, तू चार महिन्यांची होतीस. दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत मी मागच्या खोलीत, उडदाच्या पोत्यांमागं, भिंतीकडं बघत बसायचे. तुला तुझ्या आजीनं, या अव्वांनी, बाटलीनं दूध पाजलं. गल्लीत सांगितलं होतं, सून निलंग्याला माहेरी गेलीय. दर पंधरवड्याला पहाटे हे भावजी जीपनं मला लातूरला डॉक्टरांकडं न्यायचे. जेवलात का वैनी, म्हणून वाटेत विचारायचे. मला ऐकू यायचं. तोंड उघडायचं नाही."

रेवणप्पा खाली बघत होता.

सृष्टीचा आवाज बारीक झाला होता. "मला कुणीच का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुला करून कुणी घेतलं असतं?" रत्नम्मा म्हणाल्या.

"तेच म्हणून राहिलोय मी," रेवणप्पा म्हणाला. त्याच्या बोलण्यात आता चढेलपणा उरला नव्हता. "इकडनं तेच, तिकडनं तेच. उद्या हिच्या लेकरांचं काय? ती जीप मी चालवलीय. पुन्हा कुणावर ती पाळी नको."

शेवटी गुरुपादप्पा म्हणाले की वाद नको, कुणाचं नावही घ्यायला नको, गुण जुळले नाहीत एवढंच नांदेडला कळवू आणि मोकळं होऊ.

शिवकन्येनं मांडीवरची मेथी परातीत टाकली. परात बाजूला सरकवली आणि रिकामे हात मांडीवर ठेवले.

त्या पोरानं आईचं बसणं साऱ्या जगाला ऐकवलं होतं. आणि या घरानं शिवकन्येचं बसणं सव्वीस वर्षं पोत्यांमागं ठेवलं होतं. आता त्यावर आणखी एक पोतं येत होतं, गुण न जुळल्याचं.

"कळवायचं काही नाही," ती म्हणाली. "उद्या सकाळी मी आणि सृष्टी नांदेडला जाणार. माझं काय झालं होतं ते मी अमृतरावांना सांगणार, त्या पोराच्या समोर. त्यांच्या घरचंही विचारणार. मग लातूरच्या डॉक्टरांना चौघं मिळून भेटायचं. त्यानंतर या दोघांनी हो म्हटलं तर रविवारी सुपारी, नाही म्हटलं तर नाही. आणि भावजी, गाडी तुम्ही चालवायची."