आत्याबाई नावाचा आंबा

हापूसच्या झाडांना आमच्याकडे कोणी नावं ठेवत नाही. ती कलमं, पावस गावच्या कातळावरचं असो नाहीतर आमच्या परसातलं, फळ हापूसच. फार तर समुद्राकडचा आधी तयार होतो आणि त्याचा मालक आधी मिजास करतो. रायवळाचं तसं नाही. तो बाठ्यातून उगवतो आणि आईबापाचं काही ऐकत नाही. शेजारशेजारची दोन झाडं. एकाला शेपूचा वास, दुसऱ्याचा रस पाण्यासारखा. म्हणून प्रत्येकाला वेगळं नाव द्यावं लागतं.

आमच्या विहिरीकडचा रायवळ वरून सोनेरी, पहिला घोट मधासारखा, आणि बाठ्याशी पोचलं की दात आंबतात. त्याचं नाव मी आत्याबाई ठेवलं, ह्यांच्या गुहागरच्या आत्यावरून.

आत्या आल्या की हे नाव बंद, असा घरात नियम. कारण एकदा चहात साखर कमी पडली म्हणून त्या रुसल्या, तर दोन वर्षं आल्या नाहीत. ह्यांच्या वडिलांमागे वडीलधारं माणूस तेवढंच उरलंय. ती दोन्ही वर्षं हे मे महिनाभर तोंड पाडून बसले होते.

गेल्या मे महिन्यात हे विहिरीकडून ओरडले, "अगं, आत्याबाई पडली! आढीत घालू का?"

मी स्वयंपाकघरातून ओरडले, "नको! फुटली असेल. साल काढा नि उन्हात टाका!"

"निम्मी सडलीय!"

"मग म्हशीला घाला!"

हात पुसत बाहेर आले, तर अंगणात आत्या. एक दिवस आधीच आलेल्या.

"काय गो," त्या म्हणाल्या, "म्हशीला पचेन काय मी?"

हे फुटका आंबा दोन्ही हातांत धरून आले आणि तसेच थिजले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगून टाकलं. आत्यांनी झाडाकडे पाहिलं, म्हणाल्या, "चांगला एक आण बघू."

त्यांनी तो बोटांनी दाबून माचवला, चोखला, बाठ्याशी पोचल्यावर एक डोळा मिटला.

"आंबट आहे."

"थोडासा," हे पुटपुटले.

"थोडासा कसला? नाव बरोबर आहे!"

आणखी चार खाल्ले. आठ दिवस राहिल्या. जाताना पाटीभर मागून नेले.

आठवड्याने त्यांचा फोन आला. "आळीत सगळ्यांना आवडला. जात कुठली म्हणून विचारत होते."

"मग काय सांगितलंत?"

"भाचेसून म्हटलं. सगळ्यांना लगेच पटलं. अजून एक पाटी धाड."