सव्वा मूठ योगेंद्रच्या नावाची

नागपंचमीच्या संध्याकाळी सुरतेतल्या लिंबायतच्या गल्लीत रिक्षा थांबली आणि आतून योगेंद्र उतरला, तेव्हा त्याची आई शोभाबाई ओट्यावर गहू पाखडत बसली होती. तिनं मान वर केली, सूप खाली ठेवलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मना पोऱ्या उना वं माय." मग काय विचारता. समोरच्या धुरपदाबाई हातात लाटणं घेऊनच धावत आल्या. कोणी बॅग धरली, कोणी पाणी आणलं. योगेंद्रची बायको ज्योती दारातच थांबली. आठ वर्षांची योगिता बापाच्या कमरेला चिकटली आणि दरवेळी विचारते तेच तिनं विचारलं, "पप्पा, किती दिवस?"

 योगेंद्र हसला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

गल्ली एवढी हुरळली त्यात तिची चूक नव्हती. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी बांगलादेशातलं सरकार पडलं आणि तेव्हापासून घरोघरी टीव्हीवर तेच चाललं होतं. रस्त्यावर माणसांचे लोंढे, कर्फ्यू, बंद कारखाने. आणि आपला योगेंद्र नेमका तिथं, ढाक्याजवळ गाझीपूरला, कापड रंगवायच्या कारखान्यात डाइंग मास्टर. जुलैत तिकडचं इंटरनेट बंद पडलं आणि पाच दिवस त्याचा फोन लागला नाही, तेव्हा शोभाबाईनं अन्नच टाकलं होतं. आता विमान सुरू झाल्या झाल्या तो ढाक्याहून कोलकात्याला आणि तिथून सुरतेला आला होता. जीव वाचला, माणूस घरी आला, आणखी काय पाहिजे?

पण पोटाचं तसं नसतं ना.

योगेंद्रचा बाप धुडकू चाळीस वर्षांपूर्वी अमळनेरकडून सुरतेला आला आणि लूमवर उभा राहिला, तो कान जाईपर्यंत. अजूनही तो साधं "चहा दे" म्हणाला तरी शेजारच्या घरात चहा ठेवतात. पोरानं लूमवर जाऊ नये एवढाच त्याचा हट्ट. म्हणून अठराव्या वर्षी योगेंद्र पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये रंगाच्या बादल्या उचलायला लागला. बादल्या उचलता उचलता त्यानं मास्टरचा हात पाहून घेतला, आणि तिशी गाठेपर्यंत स्वतः मास्टर झाला. मग गाझीपूरहून दुप्पट पगाराचं बोलावणं आलं. योगिता तेव्हा पोटात होती. दोन वर्षांत परततो म्हणून गेलेला माणूस नऊ वर्षं तिथंच राहिला. तिकडचे कारखाने ईदलाच काय ते बंद असत, म्हणून तो ईदलाच घरी यायचा. ईदचा चंद्र दिसला की गल्लीतल्या बाया शोभाबाईला विचारायच्या, "मग, पोऱ्या कधी येतोय?"

जेवायला बसला तोच गाझीपूरच्या मॅनेजरचा फोन. सगळे भारतीय मास्टर निघून गेलेत, मशिनी बंद आहेत, ऑर्डर अडकल्यात. गुरुवारपर्यंत आलात तर पगार पाव पटीनं वाढवतो, नाहीतर दुसरा माणूस बघावा लागेल. योगेंद्रनं फोन ठेवला आणि ज्योतीकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नका," ज्योती म्हणाली. "मी थांबा म्हटलं आणि इथं काम नाही मिळालं, तर जन्मभर माझ्या डोक्यावर खापर फोडाल. जा म्हटलं आणि तिकडं काही झालं, तर मी काय करू? तुमचं तुम्ही ठरवा. भाजी घालू का अजून?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच किसन मोटारसायकल घेऊन हजर. दोघांनी एकाच मिलमध्ये बादल्या उचलल्या होत्या, आता किसन तिथंच सुपरवायझर. रस्ताभर त्याचं तोंड थांबेना. "बघ तू, तिकडच्या सगळ्या ऑर्डरी आता सुरतेला येणार. सोनं होणार सोनं." योगेंद्र हूं हूं करत होता. ऑर्डरी अशा उठून चालत येत नाहीत, हे त्याला माहीत होतं. कडोदऱ्याच्या पुढं कित्येक मिलच्या धुराड्यांतून धूर निघत नव्हता, तेही त्यानं पाहिलं.

पण मिलच्या फाटकातून आत शिरला, वाफेचा तो ओला, उग्र वास नाकात गेला आणि गड्याचे हात शिवशिवायला लागले. आत गोंधळच होता. हिरवट-निळ्या रामा रंगाचा अख्खा लॉट बिघडला होता. नमुन्याशी जुळवलं की बरोबर, आणि व्यापाऱ्याच्या दुकानात नेलं की निळं. नवा मास्टर घामाघूम, शेठ लालबुंद.

योगेंद्रनं विचारलं, "रंग कुठं उभं राहून जुळवला?"

नव्या मास्टरनं डोक्यावरच्या ट्यूबलाइटकडे बोट दाखवलं. आता याला काय म्हणावं? रंगाऱ्यानं ट्यूबखाली रंग जुळवायचा म्हणजे सोनारानं डोळे मिटून सोनं घ्यायचं. योगेंद्रनं कापडाचा तुकडा आणि नमुना उचलला आणि सरळ अंगणात उन्हात गेला. उलटा केला, सुलटा केला, डोळ्यांजवळ नेला. मग आत येऊन शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि स्वतः पिवळा रंग तोलला. दोन तास तो मशिनीपाशी उभा होता. चहा आला, थंड झाला, परत गेला. तुकडा बाहेर आला तेव्हा त्यानं तो पुन्हा उन्हात धरला, आणि रंग नमुन्याला असा मिळाला की शेठनं दोन्ही तुकडे हातात घेऊन कुठला कुठला ते दोनदा विचारलं. योगेंद्रला इतका आनंद झाला की तो एकटाच हसत सुटला.

शेठ म्हणाला, "मास्टर, सोमवारथी आवी जाव." आणि लगेच पुढं, "पण पगार तिकडच्या निम्मा. मंदी छे. दिवाळीनंतर बघू."

निम्मा. 

घरी पोचले तर अंगणात माणसं जमलेली. उद्या रविवार, कानबाई देवीचा. खानदेशी माणूस सुरतेत असो नाहीतर लंकेत, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते म्हणजे बसते, आणि तिचे रोट होतात म्हणजे होतात. भाऊबंदांत जेवढे पुरुष, तेवढ्यांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू मोजायचे, दळायचे आणि त्या पिठाचे रोट करायचे. ते खायचे फक्त घरच्यांनी. बाहेरच्याला घास द्यायचा नाही आणि पुनवेच्या पुढं तुकडा उरू द्यायचा नाही. मुठी शोभाबाई भरायची आणि नावं पुकारायचा धुडकूचा थोरला भाऊ, दगाआप्पा. जेठासमोर शोभाबाईनं उभ्या जन्मात तोंड उघडलं नव्हतं. डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती परातीपुढं बसली होती.

"दगा," आप्पांनी आधी स्वतःचं नाव घेतलं. एक मूठ पडली, वर पाव मूठ. "धुडकू." दुसरी पडली. "वैभव," म्हणजे आप्पांचा मुलगा. तिसरी पडली. "झालं. उचला."

योगेंद्रला वाटलं, आप्पा विसरले. "आप्पा, माझी राहिली."

 आप्पा घसा खाकरून म्हणाले, "तुझी नाही घेत रे. पाच वर्षं झाली. त्या साली तुझ्या वाट्याचे रोट उरले, पुनव उलटून गेली, आणि आठव्या दिवशी तुझा बाप जिन्यावरून पडला. तेव्हापासून ठरलं. खाणारा नाही, तर मूठ नाही."

नऊ वर्षांत योगेंद्रला काही कमी सोसावं लागलं नव्हतं. परक्या मुलखात तो तापानं फणफणला होता, एकट्यानं जेवला होता, परवा परवा खिडकीखालून पेटलेल्या मशाली गेलेल्या त्यानं पाहिल्या होत्या. पण इतकं कधी लागलं नव्हतं. आपलं नाव आपल्याच घरात पाच वर्षं पुकारलं नाही, आणि आपल्याला कोणी सांगितलंही नाही. त्याचे डोळे भरून आले. चारचौघांत भरून आले, आणि त्यानं ते लपवलेही नाहीत.

"यंदा घ्या," तो म्हणाला.

"घेऊ की. पण पुनव एकोणीसला आहे. तू बुधवारी निघणार ना?"

योगेंद्रनं तिथंच खिशातून फोन काढला आणि मॅनेजरला लावला. गुरुवारी येणं जमत नाही, घरात देवाचं कार्य आहे, एकोणीसपर्यंत थांबावं लागतंय.  फोन स्पीकरवर होता, मॅनेजरचा आवाज सगळ्या अंगणानं ऐकला. ठीक आहे, वीस तारखेला या. जागा ठेवतो, वाढलेला पगारही ठेवतो.

आप्पांचा चेहरा खुलला. "बघ, देवीनंच वाट काढली. पुनवेपर्यंत खा आणि मंगळवारी सुखानं जा. शोभे, घाल त्याची मूठ."

वाट तर खरंच निघाली होती. पगारही राहत होता, मूठही पडत होती. किसननं सुटकेचा श्वास सोडला. शोभाबाईनं गव्हात हात घातला.

"थांब, माय," योगेंद्र म्हणाला. मग आप्पांकडे वळून त्यानं विचारलं, "आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. इथं असलास तर घेऊ. नसलास तर नाही."

फोन अजून चालूच होता. योगेंद्रनं तो तोंडाशी नेला.   "साहेब, माफ करा. वीसलाही येत नाही. दुसरा मास्टर बघा. माझे कपडे आणि भांडी त्या मेसवाल्या मावशीला द्या."

फोन बंद झाला. धुडकूला काहीच ऐकू आलं नव्हतं. तो चारी बाजूंना बघत "काय व्हयनं, काय व्हयनं" विचारत राहिला. योगितानं आजोबांच्या कानाशी तोंड नेलं आणि जीव खाऊन ओरडली, "पप्पा जाणार नाहीत." 

"निम्मा पगार आहे, ऐकलंय मी किसनभाऊंकडून," ज्योती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू काही केल्या आवरत नव्हतं. "चालेल?"

"तुला चालेल का?"

"मला विचारलंत कधी? नऊ वर्षांपूर्वीच विचारायचं होतंत. चालेल."

"योगेंद्र," आप्पांनी नाव पुकारलं.

शोभाबाईनं मूठ भरली. दाणे बोटांतून सांडत होते. तिनं ती परातीत घातली, दुसरी भरली, तीही घातली आणि तिसऱ्यांदा गव्हात हात घातला. आप्पा दचकले. "अगं, सव्वा मूठ. सव्वा. इतकं कोण खाईल पुनवेपर्यंत?"

शोभाबाईनं पदर मागं सारला आणि आयुष्यात पहिल्यांदा जेठाच्या डोळ्याला डोळा देऊन ती बोलली. "खानारा आते घरमा शे, आप्पा," ती म्हणाली, आणि तिसरी मूठ परातीत घातली.