डायरेक्ट गाडीचं कॉलेज

गोंदियाला जंक्शन आहे, त्यामुळे आमच्याकडे कुठल्याही गावाबद्दल पहिला प्रश्न ठरलेला असतो: तिथे डायरेक्ट गाडी जाते का? मुलीसाठी स्थळ पाहताना हाच प्रश्न, मुलाला नोकरी लागली तरी हाच. एमबीबीएसनंतर मी पीजीच्या परीक्षेत बऱ्यापैकी क्रमांक मिळवला आणि सर्जरी घ्यायचं ठरवलं, तेव्हा काकांनीही तोच प्रश्न काढला. काका रेल्वेतून तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. बिरसीजवळच्या आमच्या गावात वडील धान पाहतात आणि बाकी सगळं काका पाहतात.

कॉलेजांचा पसंतीक्रम ऑनलाइन भरायचा होता. काका लॅपटॉपशेजारी खुर्ची ओढून बसले. मुंबईला डायरेक्ट गाडी, म्हणून मुंबई वर. नागपूर तर घरासारखंच, म्हणून तेही वर. मराठवाड्यातल्या एका कॉलेजचं नाव मी सगळ्यात वर टाकलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"तिथं कायले जाऊन राहिली? गाडी बदलवा लागते, वर एसटीत बसा लागते."

"तिथे स्वतःच्या हातानं ऑपरेशन करायला मिळतं, काका."

"मग मुंबईले काय पायानं करतेत?"

घरातले सगळे हसले. माझं कोणी ऐकून घेतलं नाही, कारण काका बोलल्यावर विषय संपतो असा आमच्या घरचा रिवाज आहे.

मला मात्र एकाच गोष्टीची धास्ती होती. इंटर्नशिपमध्ये असताना नागझिऱ्याकडच्या एका गावातून हर्नियात आतडं अडकलेला माणूस आला होता. सर्जनची डिग्री असलेले एक गृहस्थ आमच्या हॉस्पिटलात हजर होते, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. त्यांनी पोट चाचपलं, मान हलवली आणि नागपूरची चिठ्ठी लिहिली. माणूस वाटेतच गेला. दुसऱ्या दिवशी तेच गृहस्थ आपण कुठल्या नामांकित कॉलेजात शिकलो ते आम्हाला चहा पिता पिता सांगत होते. असली डिग्री घेऊन परत यायचं असेल तर सर्जरी न घेतलेली बरी, असं मला वाटे. अजून वाटतं.

फॉर्म भरण्याआधी मी मुंबईचं आणि मराठवाड्यातलं, दोन्ही कॉलेजं पाहून आले होते. मुंबईला माझ्यासोबत माझा वर्गमित्र होता, गोंदियातल्या एका राईस मिलवाल्याचा मुलगा. तिथल्या थिएटरात टेबलाभोवती इतके डॉक्टर उभे होते की पेशंट कुठे आहे हे शोधावं लागत होतं. तिसऱ्या वर्षाचा एक रेसिडेंट स्टुलावर चढून मागून डोकावत होता. तो बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुम्ही स्वतः किती हर्निया केलेत?" त्यानं माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी त्याचा पगारच विचारला. म्हणाला, "अशा केसेस दुसरीकडे बघायला तरी मिळतात का?" तीन वर्षं बघायचं, आणि बघितल्याचा अभिमान बाळगायचा. माझा वर्गमित्र तोवर हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन आला होता. तिथून समुद्र दिसतो म्हणाला. त्याचं तिथेच ठरलं. समुद्र पाहून सर्जरीचं कॉलेज निवडणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, नंतर पुष्कळ पाहिले.

मराठवाड्यात गाडी बदलत, एसटीत अंग आंबवत पोहोचले. हॉस्टेलच्या नळाला पाणी नव्हतं. थिएटरात दुसऱ्या वर्षाची एक मुलगी अपेंडिक्स काढत होती आणि तिचे सर समोर हात बांधून उभे राहून तिला शिव्या देत होते. मध्येच ती अडली. मला वाटलं, आता हे तिच्या हातातून काढून घेतील. त्यांनी शिव्या वाढवल्या, पण हात बांधलेलेच ठेवले. अडलेलं तिचं तिनंच सोडवलं, आणि पुढे गेली. शिव्या मला घरीच पुरेशा मिळतात, त्यांची सवय होती. हीच आपली जागा, एवढं मला कळलं.

काका बाहेर गेलेले पाहून त्यांनी बदलायला लावलेली यादी मी पुन्हा माझ्या क्रमानं लावली आणि लॉक केली. ते वर्षभर माझ्याशी फोनवर बोलले नाहीत. मीही त्याचं वाईट वाटून घेतलं नाही.

शिकून मी परत गोंदियाला आले आणि नोकरी धरली. वर्गमित्रही आला. त्याच्या वडिलांनी त्याला हॉस्पिटल बांधून दिलं, आणि पाटीवर त्याच्या नावापेक्षा 'मुंबई' हा शब्द मोठा रंगवला. लोक ती पाटी वाचूनच अर्धे बरे होत. साध्या गाठी तो काढायचा. जरा कुठे अवघड झालं की मला फोन येई, आणि मी जाऊन करून येई. बाहेर नातेवाईक त्याच्या पाया पडत.

मागच्या उन्हाळ्यात दुपारी असाच फोन आला. "यार, हर्निया अडकला आहे. नागपूरला पाठवू की तू येतेस?" गेले तर टेबलावर काका होते. दुखायला लागल्यावर त्यांनी मला कळवलंच नव्हतं, सरळ पाटीकडे धाव घेतली होती. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केलेला, बाकी काका टक्क जागे. मध्ये हिरवा पडदा. वर्गमित्र हातात सुरी घेऊन उभा होता आणि त्याला घाम फुटला होता.

"मेरे से नहीं होगा, तूच कर," तो म्हणाला. हळू बोलायचंही त्याला सुचलं नाही.

मी केलं. आतडं काळसर पडलं होतं. आवळलेली जागा मोकळी केली, गरम सलाईनमध्ये भिजवलेली फडकी त्यावर ठेवली आणि रंग परततो का याची वाट पाहत राहिले. त्या वेळात मला नागझिऱ्याकडचा तो माणूस आठवला नाही, कोणीच आठवलं नाही. मी नुसती आतड्याकडे पाहत होते. हळूहळू ते गुलाबी झालं. वर्गमित्राला मी "इथे धर, हलू नकोस" सांगत होते आणि तो धरत होता. पडद्यापलीकडे काका हे सगळं ऐकत होते.

चार दिवसांनी वॉर्डात गेले तर गावची माणसं जमलेली, आणि काका सांगत होते, "मुंबईच्या डाक्टरनं केलं. आमची पोरगी बी होती हाताखाली."

माणसं गेल्यावर मी विचारलं, "तुम्ही सगळं ऐकलं ना?"

"ऐकलं."

"मग?"

"तुझं नाव सांगतलं त लोक म्हणतीन, घरच्या घरी भागवून घेतलं."

इतका संताप आला की ड्रेसिंग करताना हात जड झाला. मी म्हणाले, "पुढच्या वेळी नागपूरला जा."

"कायले?" काका डोळे मिटून म्हणाले. "तू त आहेस ना."