विशेषणे खोडणारे हरिभाऊ

हरिभाऊंची आणि माझी पहिली भेट पालघरला, त्यांच्या साप्ताहिकाच्या छापखान्यात झाली. मनोरच्या एका सभेचे वृत्त मी हौसेने लिहून नेले होते आणि त्यात 'जनसागर उसळला' असे म्हटले होते. भाऊंनी चष्मा कपाळावर सरकवून शांतपणे विचारले, "सतरंज्या पुरल्या का हो?"

पुरल्या, मी म्हणालो.

"मग सागर नको. सभा झाली, एवढं पुरे."

तेव्हापासून मी त्यांच्या हाताखाली लिहितो आहे.

आज भाऊ साठ वर्षांचे होत आहेत. या गौरवग्रंथासाठी लिहायला बसलो खरा, पण मन थकलेले आहे. नुकतीच निवडणूक आटोपली. तारापूरकडे वीजकेंद्राचे मोठे काम निघाल्यापासून बोईसरला एका पक्षाच्या सभेत घरोघरी सोन्याचा धूर निघत होता, आणि दुसऱ्या पक्षाच्या सभेत त्याच घरांची राखरांगोळी होत होती. वर्तमानपत्रांत रोज कुणीतरी गर्जना करतो, कुणाचे तरी कंबरडे मोडते. दुसऱ्या दिवशी तीच माणसे बाजारात वांगी निवडताना दिसतात. वाचून वाचून शब्दांवरचा विश्वासच उडतो. भाऊंचा उडालेला नाही. तो का उडाला नाही, हे मला दातिवऱ्याच्या कोळीवाड्यात कळले.

काही वर्षांपूर्वी दातिवऱ्याच्या दोन होड्या वादळात सापडल्या. भाऊ तेव्हा मुंबईच्या एका दैनिकालाही बातम्या पाठवीत. त्यांनी तार केली, 'दोन होड्या अजून परतल्या नाहीत.' दैनिकाने ठळक अक्षरांत छापले की दातिवऱ्यावर काळाने झडप घातली, दोन्ही होड्यांना जलसमाधी मिळाली. आणि वर 'आमच्या पालघरच्या वार्ताहराकडून'. अंक हाती पडताच भाऊंनी दम्याची पर्वा न करता चपला घातल्या. मी सोबत निघालो.

गावात पोचलो तेव्हा जानकीबाईंच्या अंगणात रडारड चालू होती. त्यांचे यजमान एका होडीवर होते. पेपर वाचून माहेरची माणसे धावत आली होती, आणि म्हाताऱ्या बायका जानकीबाईंच्या बांगड्या फोडायला जमल्या होत्या. त्या मात्र दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून बसल्या होत्या.

"भाऊ, पेपरात हाय, सगले बुडाले. तुमी लिवलंय?" जानकीबाईंनी विचारले.

"नाही. अजून परतल्या नाहीत, एवढंच मी लिहिलं होतं."

सासरे काकुळतीने म्हणाले, "मंग येतील म्हनून तरी सांगा."

भाऊ त्यांच्याजवळ टेकले. आता तरी दोन गोड शब्द बोलतील, असे मला वाटले. "बाबा, तेही मला ठाऊक नाही," ते म्हणाले.

जानकीबाई सासूकडे वळल्या. "यांना ठाव नाय, तर कुनालाच ठाव नाय. बांगड्या ऱ्हाऊ द्या."

बांगड्या राहिल्या. काही दिवसांनी त्यांच्या यजमानांची होडी उंबरगावकडून सुखरूप आली. दैनिकाने 'मृत्यूच्या जबड्यातून' वगैरे पुन्हा छापले. भाऊंच्या साप्ताहिकात आले, 'एक होडी आली. दुसरीची वाट पाहत आहेत.' दुसरी आली नाही. त्या होडीवरच्यांच्या घरी भाऊ पुढे कितीतरी महिने जात राहिले. तिथे ते काय बोलत, मला माहीत नाही. बहुधा फार बोलत नसावेत. दैनिकाचे काम त्यांनी सोडले आणि त्याचा गवगवा केला नाही.

गौरव समितीच्या पत्रकात भाऊंना 'पत्रमहर्षी' म्हटले आहे. भाऊंनी ते खोडून 'संपादक' केले होते. समितीने पुन्हा घातले. मीही आता भांडत बसत नाही. शुभेच्छा भरघोस लिहा, असा निरोप मला आला आहे. पण सहस्र वर्षे जगावे असे लिहिले, तर ते आधी चष्मा कपाळावर सरकवतील. म्हणून एवढेच लिहितो. भाऊंचा दमा आटोक्यात राहावा, रात्रीची झोप लागावी, सकाळचे फिरणे चालू राहावे. मोठ्या अक्षरांत पुन्हा कुणाला तरी बुडवले जाईल, तेव्हा दातिवऱ्याहून कुणीतरी विचारायला येईल, "भाऊ, तुमी काय लिवलंय?" त्या वेळी भाऊ घरी असावेत.