दोन वाजताचे रिपोर्ट

नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केल्यावर मला मिळालेलं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे नौपाड्यातले एक कानाचे डॉक्टर. पहिल्या मजल्यावर दवाखाना. कमी ऐकू येणारी माणसं तिथे तपासणीला यायची. मशीनमधून रिपोर्टची फाइल निघायची, तिला नुसता नंबर असायचा. तो नंबर बघून पेशंटचं नाव घालायचं, फाइल त्या महिन्याच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि प्रिंट काढायची, हे सगळं रिसेप्शनवरच्या बाई हाताने करत. पन्नाशी ओलांडलेल्या, डोंबिवलीहून येणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. मीही डोंबिवलीचीच, पण ते त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रोज सोबत जायची वेळ आली असती.

मी त्यांना काकू म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "इथे सगळे मला मॅडम म्हणतात." मी हसून म्हटलं, "बरं काकू."

मी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहून दिली. नाव घालणं, नवी फाइल बनवणं, फोल्डरमध्ये ठेवणं, सगळं तीच करणार. दुपारी दोनला दवाखाना जेवणासाठी बंद व्हायचा, तेव्हा ती आपोआप चालेल अशी वेळ लावून दिली. घाईचा पेशंट असला तर मधेच हाताने चालवायची सोयही ठेवली. निघण्याआधी डॉक्टरांसमोर दोनदा चालवून दाखवली. डॉक्टर खूश झाले. बाई मागे उभ्या होत्या.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "मॅडम, काही रिपोर्ट दिसत नाहीयेत."

"नीट शोधलंत का?"

"शोधले. मी हाताने चालवलं की रिपोर्ट येतात. आपोआप चाललं की नाही येत."

"काकू, स्क्रिप्ट एकच आहे. कोणी चालवली ते कॉम्प्युटरला कळत नाही."

"तरी एकदा बघा," त्या म्हणाल्या.

मी बघितलं नाही. दुसरं काम हातात होतं, आणि माऊस धरताना ज्यांचा हात अवघडतो अशा बाईने मला माझं काम सांगावं हे मला सहन झालं नाही. त्यांनी पुढच्या दोन दिवसांत आणखी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा तर मी तो उचललाच नाही. मग डॉक्टरांचा आला, तेव्हा मात्र लगेच उचलला. "काकूंच्या हातून फोल्डर इकडेतिकडे ओढला जात असेल," मी म्हटलं. "होतं असं, सवय नसली की."

मी गेले त्या दिवशी खडवलीहून आलेले एक म्हातारे गृहस्थ सुनेबरोबर बसले होते. सरकारी दाखल्यासाठी त्यांना रिपोर्ट हवा होता, आणि त्यासाठी ते तिसऱ्यांदा आले होते. डॉक्टर केबिनमधून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर बाईंना बोलले. त्या दवाखान्यात सगळेच मोठ्याने बोलायचे, त्यामुळे रागावणंही मोठ्यानेच झालं. "एवढी वर्षं काम करताय, एक फाइल सांभाळता येत नाही?" म्हाताऱ्यांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी सुनेला विचारलं, काय म्हणतायत? सुनेने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, तुटक तुटक, ओरडून सांगितलं, "बाईंनी हरवलाय म्हणे." ओळीने बसलेल्या पेशंटांनी माना वळवून बाईंकडे पाहिलं.

मी त्यांच्या खुर्चीत बसले. त्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांना बसायला काही आणा, असं मी म्हटलं नाही.

अर्धा तास मी नको तिथे शोधत होते. मग एक ओळ टाकली, स्क्रिप्ट चालते तेव्हा आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत असं तिला वाटतं, ते छापणारी. आधी हाताने चालवली. बरोबर फोल्डर आला. मग आपोआप चालण्याची वेळ पाच मिनिटांनंतरची लावली आणि वाट बघितली. या वेळी उत्तर आलं ते वेगळं होतं. स्क्रिप्ट सिस्टिमच्या आतल्या एका फोल्डरमध्ये होती, जिथे कुणी कधी जात नाही. तो उघडला. तिथे माझ्या स्क्रिप्टने स्वतःच 'रिपोर्ट्स' नावाचा फोल्डर बनवला होता आणि हरवलेला प्रत्येक कागद त्यात नीट, नावासकट ठेवला होता.

चूक शिकाऊ पोरं करतात तशी होती. फाइल कुठे ठेवायची याचा मी पूर्ण पाथ, म्हणजे कॉम्प्युटरमधला अख्खा पत्ता, दिलाच नव्हता, नुसतं फोल्डरचं नाव लिहिलं होतं. हाताने चालवली की स्क्रिप्ट स्वतःच्या जागेपासून तो फोल्डर शोधायची. आपोआप चालली की सिस्टिमच्या जागेपासून. बाईंनी फोनवर जे सांगितलं होतं, तेच.

डॉक्टर दारात आले. "सापडले?"

"सापडले. दुसऱ्या फोल्डरमध्ये गेले होते."

"कसे काय?"

एवढा एक प्रश्न होता. खरं उत्तर द्यायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "चुकून ओढले गेले असतील."

बाई कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होत्या. फाइलींसमोर त्या बनल्याची वेळ दिसत होती. वेगवेगळ्या दिवसांच्या फाइली, पण प्रत्येकीसमोर दोन, नाहीतर दोन वाजून एक मिनिट. त्यांनी ते वाचलं, हे मला त्यांच्या श्वासावरून कळलं.

"दोनला मी आत डबा खात असते," त्या म्हणाल्या.

"आता वाद नको," डॉक्टर म्हणाले. "मॅडमना काम करू द्या."

मॅडम म्हणजे मी. मी पूर्ण पाथ लिहिला, सगळे रिपोर्ट जागेवर आणले, खडवलीच्या गृहस्थांचा छापून दिला. त्यांनी मला हात जोडले.

त्यानंतर स्क्रिप्ट एकदाही चुकली नाही. काही महिन्यांनी डॉक्टरांनी सहज विचारावं तसं विचारलं, रिसेप्शनला आता पूर्ण दिवसाचं माणूस लागेल का. मी विचार केल्यासारखं केलं आणि सांगितलं, तशी गरज नाही. ते खरंही होतं. महिनाअखेरीस बाई गेल्या. त्यांच्या जागी संध्याकाळपुरती एक कॉलेजची मुलगी आली.

त्या मला पुन्हा भेटल्या त्या डोंबिवलीत, भाजी घेताना. मला टाळता आलं नाही. त्यांनीच विचारलं, "इकडेच राहता तुम्ही?" मी हो म्हटलं. मग काय झालं कोण जाणे, मी म्हणाले, "ते रिपोर्ट... चूक माझी होती."

"ठाऊक आहे मला," त्या गवार निवडत म्हणाल्या. "डॉक्टरांनाही सांगितलं होतं मी, दुसऱ्याच दिवशी. वेळा लिहून दाखवल्या."

"मग?"

"म्हणाले, मला कळलंय ते. पण ती मुलगी कामाची आहे, उगाच तिला दुखवू नका."

मी विचारलं, सध्या कुठे काम करता. "घरीच असते," त्या म्हणाल्या. "या वयात कोण ठेवतं?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं, आणि तेवढं बरं वाटू द्यायचीही त्यांची तयारी नसावी. गवार पिशवीत टाकून त्या रिक्षाच्या रांगेकडे गेल्या.

त्या डॉक्टरांनी पुढे माझं नाव त्यांच्या ओळखीच्या तीन दवाखान्यांना सांगितलं. तिन्ही कामं मी घेतली.