डिपेंडंटची सही

बोरी अरबच्या स्टँडवर माझी बॅग एसटीत चढवताना धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, विमानात बसून राह्यल्या, चपला तं नव्या घ्या!" मी म्हटलं, "वावरातल्याच बऱ्या. परत तिथंच यायचं हाय." सगळे हसले. त्यांना वाटलं, म्हातारी गेली ती गेलीच.

माझी लेक वैशाली लॅपटॉपवर पुण्याच्या कंपनीचं काम करते आणि राहते स्पेनमध्ये. असं काम करणाऱ्यांना तिथे वेगळा व्हिसा मिळतो. कमाई बाहेरची, राहणं त्यांच्याकडे. नवरा सोडून गेला, पदरात लहान पोरगी. मी कायमची तिच्याजवळ राहावं, हा तिचा हट्ट. त्याचीही सोय नियमात होती. मी डिपेंडंट आहे, म्हणजे पोरीच्या जिवावर जगते, असे कागद द्यायचे.

पण माझ्या नावावर चार एकर वावर आहे. कापूस आणि तूर मी पिकवते.

दिराने तोड काढली, "बक्षीसपत्र करून वावर माह्या नावावर करा. कागदापुरतं." वैशाली फोनवर म्हणाली, "आई, कर न सही. मले एकटीनं होत नाही." तेवढ्यासाठी मी पेन हातात घेतला होता. मग बाप आठवला. वावर माझ्या नावावर करताना म्हणाला होता, "आता कोणाच्या तोंडाकडे पाहू नको." पेन ठेवून दिला.

आता पाहुणी म्हणून जाते. तीन महिनेच मिळतात. पेरणी झाली की निघायचं, कापूस फुटायच्या आत परत. तोवर शेजारची शांता वावर पाहते. पाहुणीने तिथे काम करायचं नाही, असा नियम. मी तिथल्या बाल्कनीतून फोनवर शांताला ओरडून विचारते, "फवारणी झाली काय वं?" वैशाली घाबरते, "आई, हळू! पकडतील तुले."

"पकडू दे. वावर काय त्यांच्या देशात हाय?"

निघताना नात पायांना मिठी मारते. जड जातं, पण मी विमान चुकवत नाही.

परदेशी गेलेल्यांनो आणि इथे राहिलेल्यांनो, मला कठोर म्हणा. वैशालीच्या व्हिसालाही तारीख आहे. उद्या त्यांनी तिला जा म्हटलं, तर पोरीला घेऊन ती कुठे येईल? जिथून तिला कोणी जा म्हणणार नाही, ते घर. ते म्हणजे माझ्या नावावरचं वावर. म्हणून सही केली नाही.